कॉक उघडाच होता

डिझेल इंजिन बंद पडण्याची कारणं मोजकीच असतात. माणसं सांगतात ती मात्र कधी संपत नाहीत. अंधेरीला ज्या वर्कशॉपमध्ये मी पंप आणि नोजलची कामं करायचो, तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आजाराबरोबर निदानही घेऊन यायचं. ट्रकवाला म्हणायचा, रिंग गेली. जनरेटरवाला म्हणायचा, मागच्या मिस्त्रीने वाट लावली. मी ऐकून घ्यायचो आणि पहिल्यांदा डिझेल आहे का ते बघायचो. माझा स्वभाव तेव्हाही फारसा गोड नव्हता आणि गिऱ्हाइकाचं निदान ऐकताना तर नव्हताच.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. त्या काळात वर्सोव्याच्या बोटींची कामंही आमच्याकडे यायला लागली होती. शिडं कधीच मागे पडली होती आणि ज्याच्या त्याच्या बोटीच्या पोटात इंजिन बसलं होतं. वर्कशॉपमधल्या बाकीच्यांना मासळीचा वास नको असायचा, म्हणून ती कामं माझ्या गळ्यात पडायची. कोकणातला म्हणून मला समुद्राचं कळत असणार, असा मालकांचा हिशोब. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. तिथे मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे देवळामागची विहीर. मला बोट लागते, हे मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, धक्क्याला बांधलेल्या बोटीत कोणाला बोट लागते रे?

नारळी पौर्णिमा होऊन काही आठवडे झाले असतील. वर्सोव्याहून एक कोळी वर्कशॉपवर आला. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, बोलायला तोडून टाकणारा. दोघा भावांची आणि बापाची मिळून एक बोट होती, हा त्यातला थोरला. म्हातारा बाप अजून तांडेल होता, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं आणि सुकाणू कोणाच्या हातात, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. इंजिनही तोच बघायचा.

थोरला म्हणाला, "मिस्त्री, इंजिनला काय झालेलं नाय. टाकीपासून इंजिनकडे डिझेल जातं ना, त्या नळीवरचा कॉक काढून टाका. सरळ नळी बसवून द्या."

मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, बाबा कॉक उघडायला विसरतो. तासभर बोट जाते आणि मग इंजिन धापा टाकत बंद पडतं. एकदा थोरला स्वतः खाली उतरला तेव्हा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कॉक बंद. बापाने कॉक उघडला, हवा काढली, हँडल मारलं आणि इंजिन लगेच सुरू झालं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

"कॉक बंद असता तर इंजिन तासभर चाललं कसं?" मी म्हटलं.

"अर्धा उघडत असेल. विसरभोळ्याचं काय सांगावं?"

कॉक काढायला मी नकार दिला. खाली फिल्टर उघडायचा झाला तर वरून डिझेल थांबवायला काहीतरी लागतंच. त्यावर तो त्याच्या मनातलं खरं बोलला. वर्सोव्याच्या खाडीचं तोंड वाळूने भरलेलं असतं. ओहोटीला त्या वाळूवर लाटा फुटतात. तिथे इंजिन बंद पडलं तर बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीला लाट दयामाया दाखवत नाही. "कॉक नाय काढला तर बाबाला काढायला लागेल," तो म्हणाला. "जन्मभर दर्यावर गेलेला माणूस. घरी बसवला तर मरेल तो. म्हणून कॉक काढा बोलतो."

एवढं बोलून तो बाकड्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन बसने वर्सोव्याला गेलो.

बोट धक्क्याला लागली होती. पौर्णिमेला दिलेला निळा-पांढरा रंग अजून ताजा होता. म्हातारा इंजिनाशेजारी उकिडवा बसला होता. बारीक, काळाकुळकुळीत, डोक्याला फडकं. त्याने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा, "मिस्त्री, कॉक बंद ठेवला तर इंजिन किती वेळ चालेल?"

मी म्हटलं, नळीत आणि फिल्टरमध्ये जेवढं डिझेल असेल तेवढं. दोन-चार मिनिटं. फार तर फार.

"मंग मी इसरलू तर धक्क्यावरच बंद पडायला पायजे."

"हो."

"आनि अर्धा उघडला तर?"

अर्ध्या कॉकवर काय होईल ते मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. ते नेमकं किती अर्धं यावर आहे, असं मी म्हटलं. म्हाताऱ्याने मान हलवली. त्याची बोली मला नीट लिहिता येत नाही, तेव्हा माझ्या परीने लिहितो. तो म्हणाला, "मना वाटतं मी पुरता उघडला. पन आता मना नुसतं वाटतं."

मी काम सुरू केलं. पहिल्यांदा टाकीचं झाकण काढून आत काठी घातली. डिझेल भरपूर होतं. थोडं बाटलीत काढून उन्हात धरलं. तळाला पाण्याचा थेंब नाही, गाळ नाही. पावसाळाभर रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो आणि पौर्णिमेनंतर निम्म्या बोटी पाणी पिऊन बसलेल्या असतात. ही टाकी मात्र नवी होती, त्याच पावसाळ्यात बसवलेली. जुना पिंप गंजला म्हणून मुलांनी लोखंडी पत्र्याची चांगली जोडलेली टाकी करून घेतली होती आणि तिचं झाकण रबराच्या वायसरवर चपखल बसायचं. फिल्टर बदलला. नळ्यांचे जोड आवळले, कारण सैल जोडातून डिझेल बाहेर यायच्या आधी हवा आत जाते आणि हवा शिरली की पंप नुसता फेस गिळतो. मग नळीतली हवा काढली, म्हणजे स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हाताने पंप मारला. हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. मी तासापेक्षा जास्त वेळ ते चालू ठेवलं. मधूनमधून काठी घालून किती डिझेल खातंय ते बघत होतो. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

म्हातारा सगळा वेळ बघत होता. त्याची स्वतःची पद्धत काय, ते मी विचारलं. त्याने करून दाखवलं. इंजिन बंद पडलं की आधी झाकण उघडून डिझेल बघायचं. मग कॉक बंद करायचा. मग फिल्टर उघडायचा, पुसायचा, बसवायचा. मग कॉक उघडायचा, हवा काढायची, हँडल. ओळीने, देवपूजेसारखं. थोरल्याने खाली डोकावून बघितलं तेव्हा कॉक बंद का दिसला, हे मला तिथेच कळलं. मी ते थोरल्याला सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पन मग बंद का पडतं ते सांगा."

इंजिन तर माझ्यासमोर उत्तम चालत होतं.

चार-पाच दिवसांनी थोरला पुन्हा वर्कशॉपवर आला. या वेळी बाकड्यावर बसला नाही. बोट परत येताना नेमकं खाडीच्या तोंडावर इंजिन बंद पडलं होतं. लाटेने बोट आडवी केली, धाकटा भाऊ तोल जाऊन कठड्यावर आपटला आणि अर्धा बाहेर गेला. थोरल्याने त्याला पायाला धरून आत ओढला. दुसरी लाट यायच्या आत म्हाताऱ्याने इंजिन सुरू केलं म्हणून सगळे परत आले. "कोणी बंद केलं आनि कोणी सुरू केलं, दोन्ही एकच मानूस," थोरला म्हणाला.

मी परत गेलो. या खेपेला टाकीच रिकामी केली आणि आतून पुसून काढली. नळीच्या तोंडाशी काही अडकलंय का ते तार घालून पाहिलं. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलला, त्याच्यातला पडदा उन्हात धरून बघितला. कुठे भोक नाही, चीर नाही. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असं आपलं चाललंय हे मला कळत होतं, पण रेडा कुठे ते दिसत नव्हतं. सगळं परत बसवलं, टाकी भरली, झाकण शेजारी ठेवून इंजिन लावलं. चाललं. चालणारच होतं. मला त्या इंजिनाचा राग यायला लागला होता.

म्हातारी तेव्हा चहा घेऊन आली. ती त्या घरातली खरी तांडेल. मासळी बाजारात नेणं, सुकवणं, मुलांच्या बायका, नातवंडं, सगळं तिच्या हातात. तिने नऊवारी आवरून धक्क्यावर बैठक मारली आणि मला आणि म्हाताऱ्याला कप दिले. धाकट्याच्या खांद्यावर हळदीचा लेप होता, त्याच्याकडे एकदा बघून ती नवऱ्याला म्हणाली, "आज कॉक उघडलास का? का तो पन मीच येऊन उघडू?"

धाकटा हसला. म्हाताराही हसला, पण अर्धा चहा त्याने तसाच खाली ठेवला.

मला म्हणाली, "मिस्त्री, हा आता असाच. परवा चष्मा डोल्यावर आनि शोधतोय घरभर. तुमाना फुकट तरास." मग केबिनच्या मागच्या बाजूला हात जोडले. "तिने राखला हो माज्या पोराला. एकवीरेचा अंगारा मी सोता आनला, अनवानी डोंगर चढून. पुनवेला बांधला म्हनून पोरगं जितं हाय."

मी मावशी, मावशी करत मान डोलावली. ती कशाला हात जोडत होती ते मी वळून बघितलंही नाही. इंजिनवाल्याला देवाचं काय करायचंय?

त्या दिवशी निघताना थोरल्याने मला बाजूला घेतलं. आणखी वाट बघायची त्याची तयारी आता राहिली नव्हती. तो म्हणाला, "अजून एकच खेप. तुम्ही बोटीवर या. तुमच्यासमोर बंद पडू दे. कारण सापडलं तर बाबा सुकाणावर. नाय सापडलं तर बाबा घरी. मी भावाला दर्यात सोडून परत नाय येणार." म्हातारा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. "या, मिस्त्री," एवढंच तो म्हणाला.

मला बोट लागते हे मी तिसऱ्यांदा कोणाला तरी सांगितलं. थोरला म्हणाला, "कोकनातले ना तुमी?"

भरतीच्या पाण्यावर आम्ही सकाळी निघालो. बोटीवर चौघेच. म्हातारा सुकाणावर, थोरला पुढे, धाकटा आणि मी खाली इंजिनापाशी. थोरल्याने धाकट्याला एकच काम दिलं होतं, कॉकवर पहारा. निघताना म्हाताऱ्याने खाली येऊन कॉक पुरता उघडला, आम्हा दोघांना दाखवला आणि काही न बोलता वर गेला. आपल्याच मुलाला आपला हात दाखवावा लागतो हे मला बघवलं नाही. मी टाकीच्या बंद झाकणाकडे बघत बसलो.

मढच्या बाजूने वळसा घालून आम्ही उघड्या समुद्रात आलो आणि माझी वाट लागली. डिझेलचा वास, गरम तेल आणि खालीवर होणारी जमीन. सकाळी खाल्लेले पोहे मी समुद्राला दिले. धाकटा म्हणाला, "आता बरं वाटेल बघा." वाटलं नाही. मी लिंबू हुंगत इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून पडून राहिलो. तेवढं एक काम मला पडल्या पडल्या जमत होतं.

आवाज बदलायला लागला तेव्हा आम्ही बरेच बाहेर आलो होतो. आधी इंजिनाचा जोर जरा उतरला, मग आपोआप चढला, मग परत उतरला. पुरेसं डिझेल न मिळणारं इंजिन असंच करतं. दम्याच्या माणसासारखं. मी उठून बसलो. धाकट्याने कॉककडे बघितलं, मी बघितलं. कॉक उघडा होता. पुरता. दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडलं आणि एकदम लाटांचा आवाज ऐकू यायला लागला.

धाकटा जागचा हलला नाही. वर तोंड करून ओरडला, "दादा, कॉक उघडाच हाय. मी हात पन नाय उचलला."

थोरला खाली आला. त्याने स्वतः कॉक हाताने चाचपला. मग म्हातारा आला, आणि त्यानेही पहिल्यांदा कॉककडेच बघितलं, जरा वाकून, नीट. मी तेव्हा त्याचा चेहरा बघत होतो. त्यावर आनंद नव्हता. हरवलेलं मूल गर्दीत दिसलं की आई क्षणभर नुसती उभी राहते, तसा तो उभा होता. मग नेहमीच्या सवयीने तो टाकीचं झाकण उघडायला वाकला.

झाकण फिरेना. त्याने दोन्ही हात लावले. झाकण अर्धा आटा फिरलं आणि आतून आवाज आला. बाटलीत तोंड घालून कोणी दम ओढावा तसा लांब, हवा आत ओढल्याचा. मी उलटीबिलटी सगळं विसरलो.

"हे असं घट्ट कधीपासून होतं?" मी विचारलं.

"दर्यात नेमी असाच घट्ट. धक्क्यावर सैल," म्हातारा म्हणाला. "ऊन लागून होत असेल, बोललू."

आता सगळं सरळ होतं. टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही तर टाकी आतून ओढून धरते आणि एका वेळेनंतर पंपाला डिझेल ओढता येत नाही. म्हातारा दर वेळी आधी झाकण उघडायचा. हवा आत जायची आणि तिथेच रोग बरा व्हायचा. पुढचं कॉक, फिल्टर, हवा काढणं हे सगळं नुसतं उपचारापुरतं. आणि मी धक्क्यावर दोन्ही वेळा झाकण काढून, आत काठी घालून इंजिन चालवलं होतं. बंद कसं पडणार?

"हवा यायची नळी असेल टाकीला. कुठे काढलीय?"

थोरल्याला आठवलं. टाकी बनवणाऱ्याने टाकीच्या डोक्यावरून एक बारीक नळी वर डेकवर काढली होती, आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वाकवलं होतं. केबिनच्या मागे. आम्ही चौघेही वर आलो.

नळी होती. तिच्या वाकड्या तोंडावर लाल फडकं घट्ट बांधलेलं होतं. त्यावरून हळदी-कुंकू, त्यावरून बोटीच्या लाकडाला लावायच्या माशाच्या तेलाचा ब्रश फिरलेला. मिठाने सगळं कडक झालं होतं. जुन्या बोटीवर ती नळी नव्हतीच. बांधणाऱ्या माणसाला केबिनपाशी एक छान वाकलेलं टोक दिसलं, देवीचं फडकं अडकवायला मुद्दाम केल्यासारखं.

मी कोणाला विचारायला थांबलो नाही. गाठ सोडली. आत अंगाऱ्याची पुडी होती, आणि खारं पाणी लागून अंगारा भिजू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड नळीवर चढवून वरून दोऱ्याचे वेढे दिले होते. कसं बांधावं याचा एवढा विचार मी स्वतः एखाद्या जोडावर केला नसता. थेंबभर पाणी आत गेलं नसतं. हवाही गेली नव्हती.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणून मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो. धाकट्याचा हात आपोआप खांद्याच्या लेपावर गेला. थोरला फडक्याकडे बघत म्हणाला, "आयेने बांधलंय हे."

मग त्याने बापाकडे बघितलं. "बाबा, मी..." एवढं म्हणून तो थांबला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने माझ्या हातून फडकं आणि पुडी घेतली, कपाळाला लावली, आणि पुढे जाऊन बोटीच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, नीट बांधली. सावकाश. आम्ही तिघे बघत उभे. परत येऊन तो म्हणाला, "घरी कोनी काय बोलायचं नाय."

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"म्हंजे हे फडक्याचं. तिला नाय सांगायचं."

"मग तिला काय सांगायचं? महिनाभर ती तुला..."

"बोलते तर बोलू दे." म्हातारा धाकट्याकडे वळला. "हा त्या दिवशी पान्यात जाता जाता राहिला. ती बोलते, अंगाऱ्यानं वाचला. तिला कळलं का अंगाऱ्यानंच बुडत व्हता, तर ती जेवायची नाय. परत डोंगर चढायची नाय. मना ठाव हाय ती."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणालो. मला खरोखर संताप आला होता, कोणाचा ते नक्की सांगता येणार नाही.

म्हातारा म्हणाला, "मिस्त्री, चोर कोन हाय यात?"

मी खाली उतरलो. झाकण घट्ट लावलं, इंजिन सुरू केलं. मग कॉकपाशी कोणी बसलं नाही. जाळं टाकून, ओढून, पाणी चढायची वाट बघून आम्ही परतलो, तोपर्यंत इंजिन एका सुरात चाललं. खाडीच्या तोंडाशी म्हाताऱ्याने जोर कमी केला, एक लाट पुढे जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि तिसरीच्या पाठीवर बोट अलगद आत घेतली. इतक्या सफाईने की मला त्या वळणावर उलटीसुद्धा झाली नाही. थोरला त्याच्याशेजारी उभा होता. मला ऐकू आलं, तो म्हणत होता, "बाबा, अजून दहा वर्षं तूच."

म्हातारी धक्क्यावर टोपली घेऊन उभीच होती. बोट टेकायच्या आत तिचं लक्ष नाळीवर गेलं.

"फडका कोनी हलवला?"

"मी," म्हातारा म्हणाला.

"कोनाला इचारून? देवीची गाठ सोडतात?"

"देवी पुढं असली का बोटीच्या वाटेवर नजर ठेवील. मागं काय दिसतं तिला?"

ते तिला पटलं की नाही कळलं नाही. तिने नाळीला हात जोडले आणि मग माझ्याकडे वळली. माझा चेहरा अजून पिवळा असणार. "मिस्त्री, सापडलं का? काय झालतं इंजिनला?"

दोन्ही मुलगे बोटीतच होते. मी म्हटलं, "मावशी, टाकीला ना..."

"इंजिनला काय झालेलं नाय," म्हाताऱ्याने मला मध्येच तोडलं. "मीच कॉक अर्धा ठेवायचू. मिस्त्रीनं पकडला."

"बघ." ती मुलांकडे वळली. "मी काय बोलत व्हते?" मग पुन्हा नवऱ्याकडे बघितलं. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या शर्टाला चिकटलेला खवला नखाने काढत म्हणाली, "मंग उद्यापास्नं घरी बस. लई झाला दर्या. पोरं जिती पायजेत मना, आनि तू पन."

थोरल्याने तोंड उघडलं. म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. मघाशी जाळं टाकताना तो जसं बघायचा आणि मुलगे मुकाट दोर सोडायचे, तसंच. थोरल्याने तोंड मिटलं.

"बसतू," म्हातारा म्हणाला.

त्याने तिच्या हातातली टोपली घेतली, मासळी भरली, आणि दोघं चढावरून घराकडे निघाले. ती पुढे, काहीतरी बोलत. तो मागे, हां हां करत. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमागे दोघं दिसेनासे झाले.

मी हत्यारं पुसून पेटीत भरत होतो. थोरला सुकाणावर हात ठेवून उभा होता. तो हात त्याने काढून घेतला, परत ठेवला. "मिस्त्री," तो म्हणाला, "आता आम्ही काय करायचं?"

इंजिनाबद्दल विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.